ताटी, कूलर आणि तिसरी वायर

रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत इतिहासाचा एक तरी लेख हवा, असे संपादक मंडळाचे म्हणणे पडले. सोसायटीची नोंदणी, पहिली कार्यकारिणी, टाकीचे बांधकाम हे सारे अहवालात आलेच आहे. म्हणून मी जरा वेगळा विषय घेतला. यवतमाळच्या उन्हाळ्यात माणसाने आपली राहती खोली गार कशी केली, त्यासाठी घरच्या घरी काय काय खटपटी केल्या, आणि एवढ्या खटपटींत कोणती एक गोष्ट करायची राहून गेली, त्याचा हा इतिहास. यात राजे नाहीत, लढाया नाहीत, पण प्रत्येक सभासदाच्या खिडकीत तो लटकलेला आहे.

थंड मुलखातली माणसे खोली उबदार करण्यासाठी विजेचे हीटर बसवतात, बदलतात, सुधारतात. त्यांचा तो घरगुती उद्योगच असतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीचे काही दिवस सोडले तर खोली तापवण्याचे काम सूर्यनारायण फुकट करून देतो. आपली सारी अक्कल आणि सारे हत्यार ती निववण्यात खर्च झाले.

वीज येण्याआधी

आपल्या खेड्यांतली जुनी धाब्याची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आठवेल. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, लहान खिडक्या, वर मातीचे धाबे. दुपारचे ऊन भिंतीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. तोवर माणसे बाजा घेऊन अंगणात आलेली असायची. ओसरीला तुराट्यांचे कूड नाहीतर गोणपाट बांधायचे आणि त्यावर पाणी मारायचे, ही सर्वसाधारण घरातली व्यवस्था. ज्यांना परवडे त्यांच्या दाराला वाळ्याची ताटी. तिच्यावर पाणी शिंपडले की आत येणारा वारा गार तर व्हायचाच, वर त्याला वाळ्याचा वास.

ही युक्ती फार जुनी आहे. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त वाळ्याने मढवलेल्या आणि पाणी मारून थंड केलेल्या खोल्यांचे वर्णन आहे. म्हणजे सोळाव्या शतकात अकबर बादशहाला जो गारवा मिळत होता, तोच आपल्या गावच्या सावकारालाही मिळत होता. फरक खोलीच्या आकाराचा.

इंग्रज आले. उन्हाळा सोसेना म्हणून त्यांनी डोंगर शोधले. कॅप्टन रॉबिन्सन १८२३ साली चिखलदऱ्याला पोचला आणि पुढे ते वऱ्हाडातल्या साहेबांचे थंड हवेचे ठिकाण झाले. नागपूरच्या सरकारचा मुक्काम उन्हाळ्यात पचमढीला जाई. आपले यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे वणीच्या मानाने एक-दोन अंशांनी बरे. जिल्ह्याचे जुने नाव वणी होते, १९०५ मध्ये ते यवतमाळ झाले. पण एक-दोन अंशांनी काय होते? मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की उंचीचे कौतुक संपते.

ज्यांना डोंगरावर जाता येत नव्हते त्या साहेबांसाठी एकोणिसाव्या शतकात एक यंत्र निघाले. त्याला ते ‘थर्मँटिडोट’ म्हणत, म्हणजे उष्णतेवरचा उतारा. लाकडाची मोठी पेटी, बाजूला वाळ्याच्या ओल्या ताट्या, आत पात्यांचे चाक आणि ते हाताने फिरवायला एक नोकर. पेटी खिडकीला लावायची, बाहेर माणूस हँडल फिरवतो आहे आणि आत साहेबाला गार वारा. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की हा आपला कूलरच आहे. फक्त मोटरच्या जागी माणूस होता आणि तो उन्हात उभा होता. त्या माणसाची सुटका विजेने केली.

गारव्यामागचा हिशेब

माठातले पाणी गार का होते हे आपण शाळेत शिकलो. पाणी वाफ होऊन उडते तेव्हा भोवतालची उष्णता ओढून नेते. किती, तर एक लिटर पाणी उडाले की विजेच्या हिशेबात साधारण दोन-तृतीयांश युनिट उष्णता जाते. मोठा कूलर भर दुपारी तासाला दहा-पंधरा लिटर पाणी उडवतो. म्हणजे सात ते दहा युनिट उष्णता तो तासाला हवेतून काढतो आणि त्यासाठी वीज खातो पाव युनिटाच्या आतबाहेर. बँकेत अशा व्याजदराची ठेव मी उभ्या नोकरीत पाहिली नाही.

पण या ठेवीला एक अट आहे. हवा कोरडी पाहिजे. बाहेर ४४ अंश आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या कपड्यात गुंडाळलेला थर्मामीटर २३ अंशांच्या आसपास उतरतो. त्याच्या खाली कूलर जाऊ शकत नाही. चांगल्या ताट्या यातली तीन-चतुर्थांश मजल मारतात आणि खोलीत २८-२९ अंशांचा वारा देतात. तोच कूलर जुलैत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत लावला तर तीन अंशसुद्धा उतरत नाहीत, उलट अंग चिकट होते. म्हणून मृगाचा पाऊस स्थिरावला की कूलर उतरवायचा, हा आपला रिवाज भौतिकशास्त्राला धरून आहे. मुंबईच्या पाहुण्यांना कूलरचे महत्त्व कळत नाही त्याचेही हेच कारण. त्यांच्या हवेत आधीच पाणी आहे.

पत्र्याची पेटी

विजेवर चालणारा घरगुती कूलर पहिल्यांदा फोफावला तो अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात, १९३० च्या दशकात. आपल्यासारखाच कोरडा, रखरखीत मुलूख. लोकांनी लाकडी चौकट, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, गोणपाट किंवा लाकडाचा पिंजलेला भुसा आणि एक टेबलफॅन एवढ्यावर घरी कूलर बांधले. तिथल्या विद्यापीठातल्या अभियंत्यांनी तो नीट कसा बांधावा याची माहिती छापून लोकांना दिली. म्हणजे कूलरचा जन्म कारखान्याच्या आधी लोकांच्या अंगणात झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडे त्याला वेळ लागला, कारण आधी वीज यावी लागली. विदर्भ १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्याच वर्षी २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. कोराडीचा पहिला संच १९७४ चा, चंद्रपूरचा १९८३ चा. विदर्भाच्या कोळशावर विदर्भात वीज तयार होऊ लागली. तोवर गावांत खांब पोचले होते, शहरात घरोघरी छताचा पंखा फिरत होता. पण मे महिन्यात छताचा पंखा म्हणजे वरची तापलेली हवा खाली ढकलण्याचे यंत्र, हे ज्याने भोगले त्याला सांगायला नको.

मग पत्र्याचा कूलर आला. त्याची मोठी कंपनी अशी नव्हती. पत्र्याचे काम करणारा कारागीर अँगलचा सांगाडा करायचा, खाली पाण्याचा टब, तीन बाजूंना जाळीच्या ताट्या, त्यात लाकडाचा भुसा, पुढे १८ इंची एक्झॉस्ट फॅन. सुरुवातीच्या कूलरना पंप नसे. घरातल्या पोरांनी दर अर्ध्या तासाने बाहेर जाऊन ताट्यांवर तांब्याने पाणी ओतायचे. उन्हाळी सुट्टीतले ते ठरलेले काम होते आणि त्यावरून भावंडांत भांडणेही ठरलेली. पुढे टबात बुडणारा छोटा पंप आला, त्याला सगळे टुल्लू पंप म्हणू लागले. पंपाने पाणी वर चढायचे आणि छिद्रांच्या पन्हळीतून ताट्यांवर उतरायचे. थर्मँटिडोटचा दुसरा नोकरही सुटला.

खरा इतिहास इथून पुढचा आहे, कारण इथून पुढे प्रत्येक घराने आपापला कूलर स्वतः सुधारला. कोणी फॅनला रेग्युलेटर लावला. कोणी टबाला आतून डांबर फासून गंज थांबवला. कोणी टाकीचा फ्लोट बसवून पाणी भरण्याची कटकट संपवली. कोणी टबाला तळाशी तोटी लावली आणि आठवड्याला खारे पाणी सोडून द्यायला सुरुवात केली. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. पाणी उडते, क्षार मागे राहतात आणि ताट्यांवर पांढरा थर बसतो. हे ज्याच्या लक्षात आले त्याच्या ताट्या दोन हंगाम टिकल्या.

सगळ्यात मोठी सुधारणा मात्र कूलरमध्ये नव्हती, समोरच्या खिडकीत होती. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तेव्हा आतली हवा कुठून तरी बाहेर गेली पाहिजे. दारे-खिडक्या बंद करून कूलर लावला की पहिली दहा मिनिटे बरे वाटते, मग खोली दमट होते आणि माणसे कूलरला शिव्या देतात. समोरची खिडकी चार बोटे उघडली की तोच कूलर नवा झाल्यासारखा चालतो. ही सुधारणा फुकट आहे. अजूनही काही घरांत ती झालेली नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

१९८८ मध्ये अहमदाबादेत सिंफनीने प्लास्टिकचा सुबक कूलर काढला आणि पुढे अनेक कंपन्या आल्या. मधमाशांच्या पोळ्यासारखे कागदी हनीकोंब पॅड आले. ते महाग, पण भुशासारखे खाली बसत नाहीत. तरीही पत्र्याच्या कूलरने खिडकी सोडली नाही. कारण वारा दणकून देतो आणि बिघडला तर आपल्याच चौकात दुरुस्त होतो.

पाण्याचा उन्हाळा

२००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाने गाजली. त्याच वर्षी मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी झाली होती. भर दुपारी वीज नाही म्हणजे कूलर नाही. घरोघरी इन्व्हर्टर आले आणि कूलरची एक वायर त्याला जोडली गेली. तीही बहुतेक घरच्याच माणसाने.

पण कूलरची खरी परीक्षा २०१८ च्या उन्हाळ्यात झाली. निळोणा आणि चापडोह दोन्ही धरणे आटली. शहरात दोन-दोन आठवडे नळाला पाणी नव्हते. टँकर आला की बादल्यांच्या रांगा. तेव्हा प्रत्येक घराला कळले की कूलर वीज कमी खातो खरा, पण पाणी पितो. दहा तास चालणारा मोठा कूलर शंभर ते दीडशे लिटर पाणी संपवतो. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दररोज १३५ लिटर धरतात. म्हणजे तहानलेल्या घरात कूलर हा एक जादा माणूस झाला. त्या वर्षी काही घरांनी कूलर फक्त रात्री चार तास लावला, काहींनी आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी साठवून त्यात घातले. ते पाणी क्षारांनी भरलेले असते, ताट्या दगडासारख्या झाल्या, पण उन्हाळा निघाला. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत कूलर आणि बाकीच्यांनी गच्चीवर झोपायचे, अशी वाटणीही झाली. घराघरांत न बोलता झालेल्या या वाटण्या कुठल्या अहवालात नाहीत, म्हणून त्यांची नोंद इथे केली.

पाण्याबरोबर डासही आले. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस टब पूर्ण रिकामा करून, घासून, कोरडा करायचा. टबाला तोटी असेल तर हे काम पाच मिनिटांचे आहे. मृगानंतर कूलर उतरवला नाही आणि टबात पाणी तसेच राहिले, तर सप्टेंबरात त्याचे व्याज साऱ्या इमारतीला भरावे लागते.

राहून गेलेली तिसरी वायर

आता मूळ मुद्द्यावर येतो. वर सांगितलेल्या सगळ्या सुधारणा गारवा वाढवण्यासाठी, पाणी वाचवण्यासाठी, कष्ट कमी करण्यासाठी होत्या. जीव वाचवणारी सुधारणा मात्र मागेच राहिली. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून कोणी गेल्याची बातमी येते. बहुतेक वेळा पाणी भरताना, बहुतेक वेळा अनवाणी, आणि फार वेळा घरातली बाई नाहीतर लहान मूल. महावितरण दरवर्षी काळजी घेण्याचे आवाहन करते. आपण ते वाचतो आणि पान उलटतो.

हे का होते ते समजून घेतले तर भीती नको, उपाय सुचतो. कूलर हे घरातले असे एकमेव यंत्र आहे ज्यात पत्रा, पाणी आणि वीज एकाच पेटीत महिनोन् महिने एकत्र राहतात, तेही बाहेर उन्हात. मोटरचे वेष्टन दमट हवेने कमकुवत होते. पंपाची वायर पाण्यात असते. पत्र्याची धार वायरला कापते. एके दिवशी वीज पत्र्यावर उतरते. फॅन मात्र फिरतच असतो, वारा गारच येत असतो. बाहेरून काही कळत नाही.

अशा वेळी फ्यूज किंवा एमसीबी आपल्याला वाचवेल असा समज आहे. तो आकड्यांवर टिकत नाही. ओल्या अंगाचा अवरोध साधारण १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला अंगातून पाव अँपिअरच्या जरा आतला प्रवाह जातो. याच्या निम्म्यानेही हृदय बंद पडू शकते. सहा अँपिअरचा एमसीबी पडायला याच्या पंचवीसपटीहून जास्त प्रवाह लागतो. म्हणजे माणूस चिकटून राहतो आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून आहे, माणसासाठी नाही.

माणसासाठी असते ती तिसरी वायर, म्हणजे अर्थिंग. पत्र्यावर उतरलेली वीज या वायरने जमिनीत जाते. अर्थिंगचा अवरोध ५ ओहम असेल तर त्यातून ४६ अँपिअर वाहतात, सहा अँपिअरचा एमसीबी ताबडतोब पडतो आणि कोणी हात लावण्याआधीच काम संपते. पण हाच अवरोध १०० ओहम झाला तर वाहतात फक्त २.३ अँपिअर. एमसीबी शांत, फॅन चालू, आणि पत्र्यावर जवळजवळ पूर्ण दाब.

इथेच आपल्या हवामानाची गोम आहे. अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेला साधारण अडीच मीटरचा जस्ती पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. तो ओलीवर काम करतो. मे महिन्यात आपली काळी माती भेगाळते, मुरूम तर त्याआधीच कोरडा होतो. म्हणजे ज्या महिन्यात कूलर दिवसरात्र चालतो त्याच महिन्यात अर्थिंग सर्वांत कमजोर असते. जुने वायरमन पाइपाच्या तोंडाशी फनेल ठेवायचे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायला सांगायचे, ते याचसाठी. ते फनेल अनेक इमारतींत आज फरशीखाली गाडले गेले आहे.

दुसरी गोष्ट आपणच करतो. जुन्या घरातला बोर्ड दोन छिद्रांचा, कूलरचा प्लग तीन पिनांचा. मग मोठी पिन काढून टाकायची किंवा दोन पिनांचा प्लग लावायचा. दोन वर्षांपूर्वी आपल्याच इमारतीत एका लेकराला खिडकीतल्या कूलरला हात लागून झटका बसला. पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावले. प्लग उघडून पाहिला तर तिसरी वायर आतच गुंडाळून ठेवलेली. कूलरला त्या वर्षी नवे हनीकोंब पॅड बसवले होते, नवा पंपही होता. हीच आपल्या सुधारणांची थोडक्यात कहाणी.

यावर जगाने एक उपाय काढलेला आहे. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत कामगारांना शॉक लागू नये म्हणून हेन्री रुबिन या अभियंत्याने एक संवेदनशील स्विच तयार केला. पुढे तो घरांत आला. आज आपण त्याला आरसीसीबी म्हणतो. त्याचे काम बँकेच्या रोखपालासारखे आहे. एका वायरने गेलेला प्रवाह आणि दुसरीने परत आलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज बंद. फरक पडला म्हणजे प्रवाह भलत्या वाटेने, कदाचित कोणाच्या अंगातून, जमिनीत जातो आहे. अर्थिंग कमकुवत असतानाही तो काम करतो, हे आपल्या मे महिन्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. मात्र तो अर्थिंगच्या बदली नाही, जोडीला आहे. आणि एका हाताने फेज, दुसऱ्याने न्यूट्रल पकडला तर हिशेब जुळतो, मग तोही काही करू शकत नाही.

प्लास्टिकचा कूलर आहे म्हणून आम्हाला काळजी नाही, असे काही सभासद म्हणतात. पेटी प्लास्टिकची असली तरी मोटर लोखंडाची आणि टबातले पाणी तेच. पंपाची वायर फुटली तर पाण्यात वीज येते. हात पाण्यात घातला की पेटी कसली आहे याला अर्थ उरत नाही.

हिशेबाची एक बाजू सोसायटीची

आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेच्या मेन स्विचपर्यंतची विजेची लाइन सोसायटीने सांभाळायची आणि त्यापुढची सभासदाने. कागदावर हे स्वच्छ आहे. पण अर्थिंगचा पाइप आवारात, तिची वायर जिन्यातून, आणि तिचा उपयोग सभासदाच्या खिडकीत. त्यामुळे सोसायटीला वाटते हे सभासदाचे, सभासदाला वाटते हे सोसायटीचे. खात्यावर दोन्हीकडे नोंद नाही, अशी ही रक्कम आहे. पंचवीस वर्षांत पाइप गंजला असेल, जोड सैल झाले असतील. आणि मधल्या काळात भारही वाढला. एक दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट घेतो, म्हणजे सहा-सात कूलरएवढा. जुन्या वायरिंगवर एसी चढले, पण मंजूर भार आणि अर्थिंग तेच राहिले.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात दोन कामे करावीत अशी माझी सभासद बंधू-भगिनींना आणि कार्यकारिणीला विनंती आहे. सोसायटीने परवानाधारक ठेकेदाराकडून अर्थिंगची मोजणी करून घ्यावी, तीही पावसाळ्यात नव्हे तर एप्रिल-मे महिन्यात, आणि आकडे नोटीस बोर्डावर लावावेत. गरज असेल तिथे नवा खड्डा घ्यावा, फनेल वर ठेवावे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतण्याचे काम चौकीदाराच्या यादीत लिहावे. आपल्या सांडपाण्याची एक बादलीही त्याला पुरते.

सभासदाने आपल्या मेन स्विचनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. वस्तू साधारण दोन-अडीच हजारांची. हे काम मात्र घरी करू नये, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. जुन्या वायरिंगमध्ये किंवा इन्व्हर्टरच्या जोडणीत न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतील तर आरसीसीबी सारखा पडेल. तेव्हा तो काढून टाकायचा नाही, दोष शोधायचा. त्यावरचे ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे, दाबताच वीज गेली पाहिजे.

घरी करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. पाणी भरण्याआधी स्विच बंद करून प्लग बाहेर काढावा, फक्त स्विचवर विसंबू नये. कूलर तीन पिनांच्या सॉकेटवरच लावावा. पायात चप्पल असावी. कूलरची वायर मध्ये जोडून चिकटपट्टी लावलेली नको, एकसंध हवी. लहान मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर कूलर असेल तर पुढे जाळी किंवा स्टूल न ठेवण्याचा नियम. आणि कोणाला शॉक लागलाच तर त्याला हाताने ओढायचे नाही, आधी मेन स्विच.

फेब्रुवारी संपला की आपल्याकडे कूलर माळ्यावरून उतरतात. ताट्या बदलणारा माणूस हाक देत कॉलनीतून फिरू लागतो. चारशे वर्षांत वाळ्यापासून कागदी पोळ्यापर्यंत ताट्या आपण बदलल्याच आहेत, यंदाही बदलू. त्याच दिवशी प्लगचे दोन स्क्रू उघडून तिसरी वायर जागेवर आहे का, एवढे प्रत्येकाने पाहावे.